साखऱ्याच्या सहा नळ्या

परक्याच्या वावरात शिरून उभं रोप मुळासकट उपटणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. वर त्या रोपाच्या मालकालाच चार शब्द सुनावून, त्याच्याच बांधावर बसून त्याचा चहा पिणारीही तीच. शेतकरी कौतुकानं लगडलेली फांदी वाकवून दाखवायचा, पण बाईंचं लक्ष मातीकडे. रोप उपटायचं, मुळ्या झटकायच्या, मुळीवरची मोहरीएवढी गाठ अंगठ्याच्या नखानं फोडायची आणि आतला गुलाबी रंग मालकाच्या नाकासमोर धरायचा. "हा रोग न्हाई. हे तुमचे बिनपगारी गडी हायेत," असं त्या सांगत. तुरीच्या मुळावरच्या गाठीत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात, हे पुस्तकात असतं. पण गाठी दिसल्या की रोग आला समजून औषध आणायला पळणारे लोक आमच्याकडे कमी नाहीत. त्यात माझा थोरला भाऊही होता. बाईंनी त्याची जी हजेरी घेतली, ती आमच्या पुसेगावात पुढची दोन वर्षं चघळायला पुरली. गावोगाव त्यांना गाठीवाल्या बाई म्हणत, आणि कॉलेजातही मग तेच नाव पडलं.

हिंगोलीच्या एका महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. शिक्षण बारावी, नोकरी वीस वर्षं, आणि तोंड जरा फाटकं. बाई तिथं तासिका तत्त्वावर शिकवत. हे तासिका तत्त्व ज्यांच्या घरात घडलंय त्यांना समजावून सांगायला नको. दर जूनला नवी मुलाखत, दर उन्हाळ्यात घरी. चाळिशी ओलांडली तरी बाईंचं तेच चाललं होतं. शेवटी विभागात एक कायमची जागा निघायची वेळ आली आणि संस्थेनं त्यांना स्वच्छ सांगितलं की पीएच.डी. आणा, जागा तुमची. नोंदणी झालेली होती, काम अर्धं झालं होतं, मुदत मात्र संपत आली होती. म्हणजे त्या एका पदवीवर बाईंचं पुढचं सगळं आयुष्य अडलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि त्यांच्या मार्गदर्शक सरांना तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

बाई वर्गात अगदी छापील बोलत. रेल्वेत गँगमन असलेल्या बापानं पोटाला चिमटा घेऊन शिकवलं होतं, त्याचा मान म्हणून भाषा इस्त्री केलेली. पण चिडल्या की थेट घरची बोली यायची. मुलं त्यावरूनच अंदाज घेत. "कृपया शांत बसा" याला कोणी भीक घालत नसे, "गप बसता का न्हाई" आलं की वर्ग गार. माझं त्यांच्याशी पहिली दोन वर्षं काही पटलं नाही. जिवाणूंना खायला घालायच्या त्यांच्या त्या यीस्टच्या वासानं माझ्या डब्याची चव जायची, आणि चिखलाच्या मुळ्या माझ्या धुतलेल्या ओट्यावर पडायच्या. मी वर्षभर कुरकुर करायचो, वैशाख पौर्णिमेला त्या घरून खिरीचा डबा आणत आणि माझं तोंड बंद करत. पुढच्या आठवड्यात पुन्हा चिखल.

त्यांचा प्रश्न साधा होता. आपल्या जिल्ह्यात तुरीच्या गाठीत राहणारे जिवाणू किती तऱ्हेचे आणि कोणती तऱ्हा कोणत्या गावात. प्रश्न साधा, उत्तर काढणं जिकिरीचं. गाठ धुऊन, फोडून, काचेच्या बशीत जिवाणू वाढवले की सगळे सारखेच पांढरे, चिकट ठिपके. मी एकदा म्हणालो, हे तर सगळे एका छापाचे आहेत, वेगळं काय करणार. बाईंनी विचारलं, लाल कंधारी बैल दुरून कसे दिसतात. मी म्हणालो, लाल. "मंग बाजारात तुमच्या भावाला त्याचा बैल कसा काय कळतो?"

बैल ओळखायची त्यांची पद्धत अशी. जिवाणूच्या पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. त्यावर काही छोटे तुकडे ठिकठिकाणी तेच ते पुन्हा येतात, पण दोन तुकड्यांमधलं अंतर प्रत्येक वाणात निराळं. एका यंत्रात घालून त्या मधल्या भागांच्या लाखो प्रती काढायच्या, मग खरवसासारख्या दिसणाऱ्या जेलच्या पातळ वडीत ठेवून वीज सोडायची. छोटे तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. अतिनील उजेडात धरलं की प्रत्येक नळीची एक ओळ उमटते, तिच्यात आडव्या पट्ट्या. ज्यांच्या पट्ट्या जुळल्या ते एका घरचे. माणसाच्या बोटाचा ठसा जसा, तसा हा जिवाणूचा. हे सगळं मी बाईंकडून शिकलो, आणि आज मी पट्ट्या बघून चूक सांगतो तेव्हा एम.एस्सी.ची पोरं वहीत लिहून घेतात.

ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. ते होतं बाहेरच्या जिल्ह्यात, मार्गदर्शक सरांच्या मोठ्या संस्थेत. त्यामुळे नळ्या बर्फात घालून थर्माकोलच्या खोक्यातून एसटीनं न्यायच्या. एकदा कंडक्टरनं खोक्यात मासळी आहे म्हणून आम्हाला उतरवायला घेतलं. बाईंनी झाकण उघडून दाखवलं, हे जिवाणू आहेत म्हणून सांगितलं, तर तो आणखीच घाबरला. शेवटी बाईंनी त्यालाच विचारलं की त्याच्या घरी तूर असते का. होती. मग पुढच्या फाट्यापर्यंत त्याची शिकवणी झाली, आणि खोकं बाईंच्या मांडीवर बसून सुखरूप पोचलं. नळ्यांवरची नावं लिहिणं माझ्याकडे असे. त्यात त्या फार कडक. एका नळीवरचा आकडा पुसट दिसला तर अख्ख्या दिवसाचा खटाटोप फेकून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

आता मार्गदर्शक सर. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर माझा राग त्यांच्यावर अन्याय करील. पण त्यांनी एका अहवालात आधीच छापून टाकलं होतं की जमीन बदलते तसा जिवाणू बदलतो, सेनगावकडचे वेगळे, औंढ्याकडचे वेगळे, मधे सरमिसळ नाही. बाईंचं काम त्या अहवालाला शिक्का मारायला हवं होतं. बहुतेक नळ्यांनी मारलाही. फक्त सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याच्या एका वावरातल्या सहा नळ्या उलट्या निघाल्या. त्यांच्या पट्ट्या शेजारच्या बांधाशी जुळेनात. जुळल्या त्या थेट औंढा तालुक्यातल्या जवळा बाजारशी, पट्टीला पट्टी.

सर म्हणाले, काढून टाका. नळ्यांची अदलाबदल झाली असणार, तुमचा तो बारावी पास सहायक, त्याच्या हातून झालं असेल. तसं एक वाक्य लिहा, सहा ओळी वगळा, आराखडा स्वच्छ दिसेल, दोन महिन्यांत पदवी. हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं. मी खोकं धरून उभा होतो. खरं सांगतो, मला राग आला नाही, भीती वाटली. कारण त्या दिवशी साखऱ्याहून येताना खोक्यातला बर्फ वितळला होता, आणि नावं भिजली असतील तर हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. परतीच्या एसटीत मी बाईंना म्हणालो की चूक माझीच असेल, तसं लिहा आणि मोकळ्या व्हा.

बाई म्हणाल्या, "असंल असं काहून म्हणता? झाली असंल तर सिद्ध करू. झाली नसंल तर तुमच्या डोक्यावर मी ते खापर फोडणार न्हाई."

सिद्ध करायचं म्हणजे पुढच्या खरिपापर्यंत थांबायचं. नव्या तुरीला नव्या गाठी यायला हव्यात. म्हणजे शिल्लक मुदतीतले आठ महिने गेले. घरच्यांनी, मैत्रिणींनी, प्राचार्यांनी सगळ्यांनी समजावलं. बाई हूं म्हणत आणि काम करत. श्रावणात आम्ही पुन्हा त्या वावरात गेलो. या वेळी पिशव्यांवर आकडे प्राचार्यांनी टाकले आणि कुठला आकडा कुठल्या शेताचा ते पाकिटात बंद करून स्वतःच्या कपाटात ठेवलं. मला माहीत नाही, बाईंना माहीत नाही. जेलचा फोटो हातात आल्यावर पाकीट फोडलं. साखऱ्याच्या त्याच वावराच्या नळ्या पुन्हा जवळा बाजारशी जुळल्या होत्या. माझ्या छातीवरचा दगड उतरला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, त्या लगेच म्हणाल्या, चला, आता कारण काढू.

वावर गयाबाईंचं होतं. साठी ओलांडलेल्या, नवरा गेलेला, शेती एकट्या बघणाऱ्या. बाईंनी त्यांना वही उघडून प्रश्न विचारले. जिवाणू खताचं पाकीट वापरलं होतं का, बाहेरून गाळ आणून टाकला का, नांगराला कोणाची जोडी होती, पुराचं पाणी आलं होतं का. सगळ्याला न्हाई. गयाबाई कंटाळल्या. "दोन साल झाले, मुळ्या नेऊन राहिले तुमी. माझ्याच वावरावर काहून डोळा?" असं म्हणत त्यांनी चहा ठेवला. बाईंच्या वहीतले प्रश्न संपले होते. मी कप हातात घेतला आणि आमच्याकडे कोणत्याही घरी चहाबरोबर विचारतात तो प्रश्न विचारला, तुमचं माहेर कुठलं.

गयाबाई म्हणाल्या, जवळा बाजार.

बाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी वही बंदच केली आणि नुसतं ऐकलं. गयाबाईंच्या आईची रीत अशी होती की पेरायची तूर भुंग्यापासून राखायला तिला त्याच वावराची ओली माती चोळायची, सावलीत सुकवायची आणि मडक्यात भरायची. गयाबाई लग्न होऊन आल्या त्या असं मडकं घेऊन. दुकानचं बी त्यांना कधी पटलं नाही. अजूनही भाऊ दर वर्षी दिवाळीला मातीत घोळलेली पायलीभर तूर पाठवायचा आणि ती त्या आपल्या बियाण्यात मिसळून पेरायच्या. मडकं घराच्या कोपऱ्यातच होतं. आम्ही त्या प्रश्नांच्या वह्या घेऊन दोनदा त्याच्याजवळून गेलो होतो. बाईंनी मूठभर बी मागून घेतलं, भाजून आधीचे जिवाणू मारलेल्या वाळूत लावलं, गाठी येऊ दिल्या आणि नळ्या काढल्या. त्याच पट्ट्या. जिवाणू आपल्या पायानं साखऱ्याला आला नव्हता. एका बाईनं त्याला सासरी आणलं होतं आणि चाळीसेक वर्षं नांदवलं होतं.

मला वाटलं, आता सर उठून पाठ थोपटतील. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, रंजक आहे, पण बायकांच्या मडक्यांच्या गोष्टी प्रबंधात घालता येत नाहीत. एक वावर म्हणजे काही नियम नव्हे, वगळा. बाई म्हणाल्या, एक वावर नियम नसेल, पण ते आहे. सरांचा हट्ट आणि बाईंचा हट्ट, दोघांच्या मधे मुदत रोज कमी होत होती.

याच सुमारास प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांना बाईंचं भलं व्हावं असंच वाटत होतं. पाकीट त्यांच्याच कपाटातलं, खरं काय ते त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं असं की बाई खोटं लिहिणार नाहीत, ठीक आहे, पण तू लिहून दिलंस की नावं लिहिण्यात माझी गफलत झाली, तर सर ते पत्र जोडतील, पाकिटाच्या चाचणीचा विषय कोणी काढणार नाही, सहा ओळी आपोआप गळतील आणि बाईंना एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. तुझी नोकरी कायम आहे, तुला काय होणार. मी दोन दिवस विचार केला. बाईंचे केस पांढरे होत चाललेले दिसत होते, जूनच्या मुलाखतीला बाहेरच्या बाकावर बसलेल्या दिसत होत्या. मी पत्र लिहिलं आणि सही केली. चांगलं काम करतो आहे असंच मला वाटत होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

प्रबंधाच्या आधीचं सादरीकरण सरांच्या संस्थेत होतं. समिती बसलेली, प्राचार्यही आलेले. पडद्यावर फोटो सरकवायचं काम माझ्याकडे. बाईंनी छापील मराठीत सुरुवात केली, सगळी गावं, सगळ्या पट्ट्या, आणि साखऱ्याच्या सहा ओळी तशाच दाखवल्या. सरांनी समितीपुढे माझं पत्र ठेवलं. बाईंनी ते मागून घेतलं. एकदा मनाशी वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग मोठ्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं, अगदी माझ्या सहीसकट, आणि वाचून झाल्यावर त्यांची इस्त्रीची भाषा संपली.

"हे खोटं हाये. ह्या माणसानं इतक्या वर्षांत एक नळी चुकवली न्हाई. हे एक पत्र चुकवलं, आन तेबी माझ्यापायी. तुमी पदवी द्या न्हाईतर देऊ नका. ह्या सहा ओळी इथंच ऱ्हातील."

मी पडद्याच्या बाजूला तोंड करून उभा राहिलो, कारण मला माझं तोंड कोणाला दाखवायचं नव्हतं. समितीनं नंतर लेखी कळवलं, सुधारणा करून पुन्हा सादर करावे. सुधारणा कोणती ते सांगायची गरज नव्हती. बाईंनी ती केली नाही. मुदत संपली, नोंदणी गेली. जूनमध्ये कायमच्या जागेवर दुसऱ्या जिल्ह्यातून एक पदवीधारक आले, आणि तासिकेचे तासही त्यांच्याकडेच गेले.

बाईंना वाशिमकडे एका कनिष्ठ महाविद्यालयात काम मिळालं. त्यांना सोडायला मी हिंगोलीच्या स्टँडवर गेलो. सामान थोडं, वह्याच जास्त. इतके दिवस मी माफी मागायचं टाळत होतो, ती गाडी लागल्यावर मागितली. बाई म्हणाल्या, "तुमी माझ्यासाठी खोटं लिहिलं, हे मी कदी इसरणार न्हाई. पुन्हा कोणासाठी लिहिलं तर माफ बी करणार न्हाई." एवढं बोलून त्या चढल्या आणि खिडकीतून मला वह्यांची दुसरी पिशवी वर द्यायला सांगितलं. मला रडू आलं होतं, आणि त्यांना पिशवीची काळजी.

तिकडे गेल्यावर त्या गप्प बसतील असं मला तरी वाटलं नव्हतं. वर्षभरात त्यांनी त्या सहा ओळींवर एक लेख लिहिला आणि एका छोट्या संशोधन पत्रिकेला पाठवला. लेखक तीन. पहिलं नाव बाईंचं, दुसरं माझं, तिसरं गयाबाईंचं, आणि त्यांच्या नावापुढे पत्ता म्हणून दोन्ही गावं, जवळा बाजार आणि साखरा. संपादकांनी दोनदा लिहिलं की तिसरं नाव आभारात घ्यावं, शेतकऱ्याला लेखक करण्याची पद्धत नाही. बाईंनी दोनदा उत्तर दिलं की लेखातला शोध त्यांच्या घरातला आहे, नाव काढायचं असेल तर लेख परत पाठवा. लेख छापून आला, तिन्ही नावांसह.

छापील प्रत घेऊन मी साखऱ्याला गेलो. गयाबाई खळ्यावर होत्या. हात पुसून त्यांनी कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला वाचायला सांगितलं. मी नाव वाचलं, गावं वाचली. दोन्ही लिहिलीत का, असं त्यांनी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मग पट्ट्यांच्या फोटोवर बोट ठेवून आपल्या ओळी कोणत्या ते विचारलं. मी दाखवल्या. त्यांनी त्या मोजल्या आणि विचारलं, बाईला ती पदवी भेटली का. मी नाही म्हणालो, आणि का ते सांगितलं.

गयाबाई म्हणाल्या, "मंग ह्यांनी बाईलाच काढलं आन मला ठेवलं?"

मी खळ्यावरूनच बाईंना फोन लावला आणि गयाबाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. पलीकडे वर्ग चालू असावा, मुलांचा गलका येत होता. बाईंनी आधी त्यांना गप्प केलं, मग मला म्हणाल्या, "बराबर झालं की. मी कुठंबी शिकवीन. गयाबाईचं वावर कुठं जाणार व्हतं?"